पोरगी वाढली, वायर वाढली नाय

माझं माहेर निफाडच्या अंगाला, आमचा झेंडू-शेवंतीचा मळा, तिथंच मी जन्मले, न् जन्मले तीच काळजात भोक घेऊन. रडले की ओठ निळे पडायचे. काय सांगू तुम्हाला, आमचे नाना, म्हणजे वडील, मला रडूच द्यायचे नाय, फुलं तोडतानाबी पाठीशी बांधून घ्यायचे. पुढं मुंबईला ऑपरेशन झालं, भोक बुजवलं, पण त्यात ठोके लय मंद झाले, मग पोटाच्या कातडीखाली मशीन बसवलं, पेसमेकर, त्याची वायर थेट काळजाला. बालवाडीत होते मी.

मग मात्र लय चांगले दिवस आले बघा. शेवंतीच्या वाफ्यांतून पळायचे, नाना बांधावरून ओरडायचे, ए सुमे, हळू, पण हसायचेबी. आठवीत तर आईच्या वर गेले, नाना ज्याला त्याला सांगायचे, बघा, माझी सुमी कशी ताडमाड झाली. तो आवाज अजून कानात हाय माझ्या.

अन् त्याच साली फुलं तोडता तोडता पडले, शुद्धच नाय. नानांनी टेम्पोतली फुलं तिथंच ओतली न् मला घालून नाशिक गाठलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, म्हणाल्या, वायर ताणून तुटलीय, पोरगी वाढली, वायर कशी वाढंल? नाना म्हणले, बाई, ती उंच झाली म्हणून मी गावभर मिरवत होतो वो. बाई म्हणाल्या, मग मिरवा की, वाढावी म्हणूनच तर जगवली ना तिला.

माझ्या काळजाची ठेवणच वेगळी, शिरेतून वायर घालता येईना, म्हणून परत छाती उघडली. आत नेताना नाना म्हणले, सुमे, दसऱ्याचा झेंडू तुझ्याबिगर तोडायचा नाय मी. न् खरंच नाय तोडला, निम्मा मळा वाळून गेला, लोक हसले, नाना माझ्या खाटेशी बसून राहिले.

नाना गेले आता. मी सातपूरला असते, आमचे मालक कारखान्यात कामाला जातात, मी हार विकते. तुटकी वायर आतच हाय, मधी बॅटरी बदलली तर तिथं पू झाला, तेबी निभावलं. परवा तपासणीला गेले तर एक बाई तान्ही पोर घेऊन बसलेली, ओठ निळे, मला म्हणती, ताई, जगंल ना वो ही? म्हणलं, मी काय डॉक्टर नाय, पण माझ्याकडं बघ. माझं आयुष्य तिला लागू दे, असं म्हणायची रीत हाय आपल्यात, तोंडावर आलंबी, पण तसं नाय म्हणलं मी. मलाबी माझं पाहिजे की. म्हणलं, तिला तिचंच लय मिळू दे.