उखाणा अर्ध्यात तोडला म्हणून

...अन् वर मलाच म्हणतात, उखाणा अर्ध्यात तोडला! भर हळदीकुंकवात! आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

झालं काय, आमच्या महिला मंडळात एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, लकव्यावर बोलायला. बाकीच्यांचं लक्ष चिवड्याकडे, अन् मी आपली जीव लावून ऐकून राहिले... तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर होईना, जीभ जड झाली, की थांबायचं नाही, तडक दवाखाना! घरी आले अन् ह्यांच्यावर सराव सुरू. "अहो, हसा पाहू! दोन्ही हात वर करा!" हे फॅक्टरीतून थकून आलेले, म्हणतात, "काहून? पोलिसात भरती झालीस का?" एकदा तर ह्यांचा गाल एकीकडे फुगलेला पाहून मी किंचाळलेच... पान निघालं!

तर यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू नणंदेकडे, सराफ्यात. विभावरीताई म्हणजे... कसं सांगू... माझ्या लग्नापासून मला शिकवूनच राहिल्या. पोळी जाड, पदर आखूड. असू दे, मोठ्या आहेत. पण उखाण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही! उभ्या राहिल्या, "नर्मदामाईच्या काठी संगमरवराची रास, अं... अंब... अब..."

सगळ्या खो खो हसल्या! शेजारच्या शर्मिलादीदी टाळ्या पिटून, "अरे, दीदी शरमा गईं!" शरमणार? विभावरीताई? अहो, ज्या बाईनं माझ्या लग्नात भटजींना मध्येच थांबवून मंत्र परत म्हणायला लावला, ती नवऱ्याचं नाव घ्यायला शरमेल? पाहते तर ओठाचा कोपरा खाली, अन् हातातलं ताट तिरपं होऊन तिळाच्या वड्या घसरून राहिल्या! मी ओरडले, "ताई, दोन्ही हात वर करा!" डावा उठला. उजवा नाही.

मग काय गोंधळ! एक म्हणे साखरपाणी द्या, एक म्हणे तळवे चोळा. ताईंचे यजमान, अंबरीशभावजी, आतून येऊन म्हणतात, "दिवसभर वड्या थापल्या, थकली असेल. जरा पडू दे, मग पाहू." मी भावजींसमोर चहाचा कपसुद्धा हळूच ठेवते हो! पण तेव्हा मीच म्हणाले, "एक मिनिट नाही! पाण्याचा थेंब नाही! कधी सुरू झालं ते लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील!" ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना, तर ताईंना खुर्चीत बसवून, पदर खोचून आम्हीच उचललं! सोनार दुकानाबाहेर येऊन विचारतात, "भाभीजी, किसकी बारात है?" सांगा, माझं काय चुकलं?

दवाखान्यात लगेच डोक्याची तपासणी, लगेच इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, "बसून राहिला असता, तर वाचा गेली असती." मी बाकावर बसून रडले हो... माझी पोळी जाड आहे, हे मग मला कोण सांगणार होतं?

उजव्या हातात अजून जरा कसर आहे. पण जीभ? लख्ख! नीट फुटलेलं पहिलं वाक्य काय, तर "चारचौघींत माझा उखाणा तोडलास!"

अन् आता डॉक्टरांनी सांगितलंय, रोज भरपूर बोलायचं, तोच व्यायाम. भावजी नेमके त्याच वेळी फिरायला निघून जातात. मग ताई मला फोन लावतात. रोज! काल माझ्या आमटीवर बोलल्या, आमटी आटेपर्यंत. मी गॅस बारीक करते, स्टूल ओढते अन् बसते. काय करणार... बोलत्या मीच केल्या ना, आता ऐकायलाही मीच!