मुळ्ये मास्तरांनी घरी येण्याबाबत

रत्नागिरी शहर पोलीस ठाणे. सोमवार, ता. १२ फेब्रुवारी १९३४, सकाळी दहा वाजता.

नाव गोदूबाई भ्रतार आत्माराम नागवेकर, वय अदमासे चौतीस, जात भंडारी, धंदा सुंभ वळणे व बागेत मजुरी, राहणार मौजे भाट्ये, तालुका रत्नागिरी. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी माझी मुलगी मैना, वय चौदा, हिच्यासह राहते. माझे यजमान मालाच्या आगबोटीवर खलाशी आहेत. ते दीड वर्षांपूर्वी घरी येऊन गेले. मैना रत्नागिरीच्या मोठ्या शाळेत इंग्रजी तिसरीत शिकते. रोज सकाळी तरीच्या होडीने खाडी ओलांडून जाते व सायंकाळी येते. शाळेत सहाशेच्या वर मुलगे आहेत. मुली अकरा आहेत.

आज मला एक अर्ज दाखवण्यात आला. तो कलेक्टरसाहेबांकडे गेला होता व तेथून चौकशीसाठी ठाण्यात आला आहे. त्यावर तेवीस अंगठे आहेत. चौदावा अंगठा माझा आहे. जमादारांनी अर्ज वाचून दाखवला. त्यात असे लिहिले आहे की, गणिताचे मास्तर श्री. मुळ्ये हे नवरा परदेशी असलेल्या एका बाईच्या घरी मुलीच्या शिक्षणाचे निमित्त करून जातात, सबब त्यांना शाळेतून काढावे.

हा अर्ज मला असा सांगितलेला नव्हता. जानेवारीत संक्रांतीनंतर आमच्या गावचे गंगाराम विठू शिवलकर, कलमांचे बागवाले, कागद घेऊन दारात आले. ते म्हणाले, "गोदूवैनी, पावसात तरीची होडी सकाळी लवकर सुटत नाय, पोरांची शाळा बुडते. त्याचा अर्ज हाय." मी सुंभ वळत होते. हात पुसून अंगठा दिला. गंगारामदादांशी आमचे वैर नाही. यजमान नसताना माझे घर शाकारावयास तेच माणसे पाठवतात.

अर्जामुळे मुळ्ये मास्तरांना चौकशी होईपर्यंत वर्गावर जाऊ देत नाहीत, हे मला मैनाकडून मंगळवारी समजले. मैना त्या दिवशी जेवली नाही. अर्जात कोणती बाई आहे हे तिला शाळेत कोणी सांगितले ते मला माहीत नाही. मी बोलावण्याची वाट न पाहता आज आपण होऊन आले आहे.

मास्तर माझ्या घरी आले होते हे खरे आहे. ते तीन वेळा आले. कसे आले ते सांगते.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस मैना न्हाण येऊन शहाणी झाली. त्यानंतर मी तिला शाळेत पाठवले नाही. शाळेत मुलींना बसावयास वेगळी खोली नाही, व जाण्याची जी जागा आहे तिला कडी नाही.  मैनाने पुस्तके फळीवर ठेवली व माझ्याबरोबर काथ्या पिंजू लागली.

पाचव्या दिवशी मास्तर आले. पाऊस होता. ते पडवीच्या बाहेर छत्री घेऊन उभे राहिले. मी या म्हटले तरी वर आले नाहीत. त्यांनी विचारले, "बाई, मैना आजारी आहे का?" मी नाही म्हटले. "मग येत का नाही?" मी पदर सारखा करून आत मैनाकडे पाहिले. ते एक पाऊल मागे सरले. नंतर म्हणाले, "माझ्या लक्षात आलं नाही. चुकलं माझं." आणि गेले.

दुसऱ्या वेळी तीन दिवसांनी आले. या वेळी त्यांच्या पत्नी आनंदीबाई बरोबर होत्या. मास्तर अंगणात उंडलीच्या झाडाखाली वाळूवर बसले व शेवटपर्यंत तेथेच बसले. आनंदीबाई आत चुलीपाशी येऊन बसल्या. मी त्यांना पाट दिला तो त्यांनी घेतला नाही, जमिनीवरच बसल्या. त्या म्हणाल्या, "आमचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. मधल्या सुट्टीत तिला माझ्याकडे येऊ दे. हवं तेव्हा येऊ दे, कोणी विचारणार नाही. मला मूल नाही, घर रिकामंच असतं." मी म्हटले, "लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "म्हणू देत. मी त्यांना चहा करून देईन." मला हसू आले. मैना दाराआड होती. तिने पुस्तके फळीवरून काढल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत जाऊ लागली.

तिसऱ्या वेळी ऑक्टोबरात आले, दिवाळीच्या आधी. सहामाही परीक्षेचे गुण लागले होते. अंकगणितात मैना वर्गात तिसरी आली होती. तिने घरी सांगितले नव्हते. मास्तर पाणी प्याले व म्हणाले, "ती सांगणार नाही, म्हणून मी आलो." एवढेच सांगावयास ते खाडी ओलांडून आले होते. ते गेल्यावर मी काही वेळ काम केले नाही.

याखेरीज मास्तर माझ्या घरी आलेले नाहीत.

जमादारांनी विचारल्यावरून सांगते की, अर्ज आल्यावर शाळेत वरच्या साहेबांनी वर्गावर्गातून मुलांची मते लिहून घेतली. नाव घालावयाचे नव्हते. मैनाने मला सांगितले त्यावरून एका मुलाने लिहिले की मुळ्ये मास्तर गणित समजेपर्यंत घंटा झाली तरी सोडत नाहीत, त्यामुळे खेळ बुडतो. एकाने लिहिले की त्यांचे फळ्यावरचे अक्षर बारीक आहे. मैनाने काय लिहिले असे मी विचारले. ती म्हणाली, "मी लिवला, मास्तर मुलींना येगळा काय शिकवीत नायत. मुलग्यांइतकाच शिकवतात, आणि तितकेच रागावतात."

अर्जातील माझा अंगठा रद्द समजावा अशी माझी विनंती आहे. अर्जात ज्या बाईविषयी लिहिले आहे ती मी आहे. तिची काही तक्रार नाही.

पुरवणी जबाब. शनिवार, ता. ३ मार्च १९३४, दुपारी एक वाजता.

मी वर नमूद गोदूबाई, पुन्हा विचारल्यावरून सांगते की,

पहिला जबाब दिल्यानंतर त्याच आठवड्यात गुरुवारी सायंकाळी मी गंगारामदादांच्या घरी गेले. मैना बरोबर नव्हती. मी त्यांना विचारले, "दादा, तरीचा सांगून माजा अंगठा का घेतलात?"

ते म्हणाले, "खरा सांगितला असता तर दिलीस असतीस काय?"

मी नाही म्हटले. ते म्हणाले, "म्हणून."

 त्यांचा मुलगा बाळा, वय सतरा, याच शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होता. ऑक्टोबरातल्या चाचणीत तो गणितात नापास झाला व मुळ्ये मास्तरांनी त्याचा मॅट्रिकचा अर्ज पुढे पाठवू दिला नाही. त्यावरून बापलेकांचे भांडण झाले. डिसेंबरात बाळा न सांगता मुंबईच्या बोटीत बसून गेला. त्यानंतर त्याची चिठ्ठी नाही. हे गावात सर्वांना ठाऊक आहे, पण दादांपुढे कोणी काढत नाही. दादा म्हणाले, "माजा पोर त्यांनी घालवला. एवढी मोठी शाळा, एक पोर गेला तर त्यांना काय?"

तेव्हा त्यांची बायको तुळसा आतून बाहेर आली. ती एरवी पुरुषांच्या बोलण्यात येत नाही. ती म्हणाली, "मास्तर आपल्या पण दारात आलेले. दोन येळा. वैनीला सांगा ना तां." दादा खाली बघत होते. तुळसाच म्हणाली, "ह्यांनी दार लावून घेतलानी. मास्तर भायर उभे ऱ्हायले नि गेले."

मी म्हटले, "दादा, माझ्याकडे आले तेव्हा कायतरी सांगायला आलेले. तुमच्याकडे पण कायतरी सांगायलाच आले असतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तरीने रत्नागिरीस मास्तरांच्या घरी गेलो. आनंदीबाईंनी तुळसाला व मला आत घेतले. मास्तर बाहेर आले. दादांनी जोडे काढले नव्हते, उंबऱ्यावरच उभे होते. त्यांनी विचारले, "माझ्या दारात कशाला आलेलात?"

मास्तर म्हणाले, "पहिल्यांदा आलो ते बाळा वर्षभर अजून बसला तर नक्की पास होईल हे सांगायला. दुसऱ्यांदा, तो खुशाल आहे हे सांगायला."

तुळसा पुढे होऊन म्हणाली, "कुठं हाय तो?" आनंदीबाईंनी तिला आपल्याजवळ बसवले.

मास्तरांनी सांगितले की, बाळाची त्यांना दोन पत्रे आली आहेत. तो गिरगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम शिकतो आहे. घरी पत्ता कळवू नका असे त्याने लिहिले होते, म्हणून मास्तरांनी कळवला नाही, पण मुलगा जिवंत व खुशाल आहे एवढे तरी आईबापांना कळावे म्हणून ते आले होते. दादांनी विचारले, "तुम्हांला कशाला लिवलान त्याने?" मास्तर म्हणाले, "भूमितीचं एक उदाहरण अडलं होतं." मी हे जसे ऐकले तसे सांगत आहे.

मास्तरांनी मुलाचा शब्द मोडून पत्ता दिला नाही. ते म्हणाले, "आज त्याला लिहितो, वडील येऊन बसले होते म्हणून. तो हो म्हणेल." दादांनी विचारले, "अक्षर तरी बगू काय?" मास्तरांनी पत्राची घडी अशी घातली की वरची ओळ व खालचे नाव तेवढे दिसावे, व कागद त्यांच्या हातात दिला. दादांना वाचता येते. त्यांनी एक ओळ वाचावयास पुष्कळ वेळ घेतला. मग जोडे काढून आत आले.

दादांनी अर्जाविषयी मास्तरांना काय म्हटले ते मी ऐकले नाही. मी आनंदीबाईंबरोबर मागच्या दारी गेले होते. आम्ही परत आलो तेव्हा दादांपुढचा चहा गार झाला होता.

नऊ दिवसांनी मुंबईहून उत्तर आले. गुरुवारी दादा व तुळसा बोटीने मुंबईस गेले. त्यापूर्वी, मागच्या आठवड्यातच, दादांनी ठाण्यात येऊन अर्ज खोटा असल्याचे लिहून दिले, हे जमादारांनी मला आज सांगितले. माझा अंगठा फसवून घेतला याबद्दल दादांवर खटला करावयाचा आहे काय, असे मला विचारण्यात आले. करावयाचा नाही. त्यांच्या गुरांना मी पाणी घालते आहे.

मुळ्ये मास्तर सोमवारपासून वर्गावर जात आहेत. मैनाने सांगितले की, ते आले व जिथे थांबले होते तेथून पुढे शिकवू लागले. नकाशांची जुनी खोली रिकामी करून मुलींना दिली आहे. तिला कडी बसवली आहे. तरीही मैना मधल्या सुट्टीत आनंदीबाईंकडे जाते. मी मना केलेली नाही.

चौकशीत पालकांचे शाळेविषयी मत लिहावयाचे आहे, तुमचे काय, असे जमादारांनी विचारले. मला लिहिता-वाचता येत नाही, माझे मत कशाला, असे मी म्हटले. ते म्हणाले सांगा.

आज ठाण्यात येण्यापूर्वी मैनाने मला शाळेत नेले. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मी आधी कधी आत गेले नव्हते. तिने वर्ग दाखवला व मला बाकावर बसवले. म्हणाली, "आये, एवढी अवघडून नको बसूस." फळा पुसायचा राहिला होता. त्यावरचे तिने मला वाचून दाखवले. मला समजले नाही. तिला समजत होते.

माझे मत असे की, शाळा फार मोठी आहे. एवढ्या मोठ्या जागेत एक मूल चार दिवस आले नाही तर कोणाला कळणार नाही असे मला वाटत होते. तसे नाही. कळते.

माझा दोन्ही वेळचा जबाब जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवला. आनंदीबाईंचे नाव एके ठिकाणी राहिले होते ते माझ्या सांगण्यावरून घातले. आता सर्व मी सांगितले तसे व खरे आहे.

गोदूबाई भ्रतार आत्माराम नागवेकर, डाव्या हाताचा अंगठा.

समक्ष: रावजी धोंडू साळवी, जमादार.