पोकळ गोल

आमच्या ताडकळसच्या रस्त्यावर बाबुरावची चहाची टपरी होती. रोज संध्याकाळी मी गावाकडून जायचो, नामदेव मळ्याकडून यायचा. बाबुराव गेला, टपरीही उचलली. तरी आम्ही दोघं तिथंच भेटायचो. एकदा नामदेव म्हणाला, "आता तिथं काय हाय? उद्यापासून मी येत न्हाई."

घरी आलो तर नात गणित करत बसलेली.

"काय करायलीस, बाई?"

"लिमिट, आबा. ही रेघ डावीकडून इथं येती, ही उजवीकडून इथंच येती. मधी पोकळ गोल हाय."

"म्हणजे तिथं काहीच न्हाई?"

"नसलं तरी चालतंय. दोन्ही रेघा एकाच जागी आल्या पाहिजेत. एकच आली तर लिमिट न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तिथं जाऊन थांबलो. अंधारायला लागलं, तेव्हा मळ्याकडून नामदेव येताना दिसला.

"येत न्हाई म्हणला होतास की."

"तू एकटाच उभा राहशील, म्हणून आलो."

मी काठीनं मातीत गोल काढला.

"हे काय रे?"

म्हटलं, "आपला बाबुराव."

मग त्या गोलाच्या दोन्ही अंगाला आम्ही बसलो.