माळकऱ्याची पांढरी वाईन

न्हाई, तर हसायचं काय हाय त्यात? तुमाला सांगतो, सगळं काष्टी गाव हसलं, बाजाराला आलेली परगावची मानसं हसली... अहो, पन रंगनाथतात्याचं चुकलं काय, ते सांगंल का कुनी? वीस गुंठे भोकरी द्राक्षांची बाग, नवरा-बायकोनं पोटच्या पोरावानी वाढवलेली, आन द्राक्षं पिकली की एकदम पिकत्यात, गिऱ्हाइकाची वाट बघत न्हाईत, दरसाल पाट्याच्या पाट्या उकिरड्यावर! मंग एकाहत्तर साली नगरच्या मिशनमधले डाक्टर म्हनले, ह्याची पांढरी वाईन करा, मुंबईची बाटली बड्या लोकांनाच परवडती, तुमची शाळामास्तरलाबी परवडंल. त्यांनी कृती लिहून दिली. दारूबंदीचे दिवस, म्हनून तात्यानं रीतसर अर्ज केला, नमुन्यापुरती परवानगी आनली. दारूबंदी खात्याचा साहेब येऊन चाखनार, पटली तर परवाना, न्हाई तर बाग तोडून ऊस लावायचा, असं घरात ठरलं हुतं.

तात्यानं कृतीतला शब्द सोडला न्हाई. लोनच्याच्या नव्याकोऱ्या बरन्या, वर धुतलेलं फडकं, तात्याची बायको मुक्ताकाकू रोज बरनीला कान लावून आतली बुडबुड ऐकायची आन म्हनायची, बाळ घोरतंय जनू. चार महिन्यांत वाईन निवळली, पिवळसर, काचेवानी. आन तवा तात्याच्या ध्यानात आलं... चाखायची कुनी? गळ्यात तुळशीची माळ! मटनाच्या वासानं पंगतीतनं उठनारा मानूस, त्यानं केली खरी, पन थेंब जिभेवर ठिवायची सोय न्हाई. काकूबी माळकरीन. वाटी घिऊन शेजारच्या गनीभाईकडं गेला, तर ते म्हनले, "तात्या, तुमाला माळ, तशी मला नमाज." मास्तरला लाज वाटती, सरपंचाला मतं जायची भीती... मंग राहिला कोन? बन्सी!

बन्सी म्हंजे हातभट्टीवरच पोसलेला. त्यानं वाटी तोंडात उपडी केली, छातीवर हात ठिवून जाळ कवा हुतोय त्याची वाट बघितली, आन म्हनला, "तात्या, हे पानी हाय. नरड्याला कळलंच न्हाई." दुसऱ्या दिवशी साहेब येनार! बन्सीनं उपाय सांगितला, भट्टीवाले टाकत्यात तसा दर बरनीत नवसागराचा एक खडा. आता ज्यानं जन्मात चाखली न्हाई, त्यानं जानकाराचं ऐकलं. चुकलं काय त्याचं?

साहेबानं पेला उन्हात धरला, मान डोलावली, घोट घेतला... आन भिंतीवर थुकला. "नवसागर? मला हातभट्टी पाजता?" बरन्या गटारीत रिकाम्या केल्या, पंचनामा झाला, खाली रंगनाथतात्याची सही. एवढी घोटीव सही त्यानं अर्जावरबी केली नव्हती.

साहेब गेल्यावर तात्यानं आपल्या हातानं माळ काढून देवापुढं ठिवली. कुनी काढ म्हनलं नव्हतं. म्हनला, हातभट्टीवाल्याच्या गळ्यात ती बरी दिसत न्हाई. मंग काकूनं कनगीमागनं एक बाटली काढली, डाक्टरला द्यायची म्हनून नवसागराच्या आदी भरून ठिवलेली. तात्यानं जन्मातला पहिला घोट घेतला. काकूनं भीत भीत इचारलं, "पानीच हाय का वो?"

"न्हाई," तात्या म्हनला. "चांगली झालीया."

बाटलीला बूच लावलं आन कुऱ्हाड घिऊन बागेत गेला. तुमाला सांगतो, चुकलं त्याचं काईच न्हाई... आता तिथं ऊस हाय. ऊस कसा झालाय, ते कुनालाबी चाखून सांगता येतं.