शंकरपटातला हार

आता राग नाही येणार तर काय? महाराष्ट्र नवा नवा झाला होता. पोरं बैलायच्या शर्यतीचा पट सोडून अकोल्याले सिनेमा पाहाले जातात, म्हणून आमच्या कमिटीनं शंकरपटात लाउडस्पीकर लावला अन् अमरावतीहून पुढारी बोलावला.

माही बैलजोडी सुटली अन् तवाच पुढारी मोटारीतून उतरला. शर्यतीचा टाइम घेणारा घड्याळवाला घड्याळ खिशात टाकून त्याले हार घालाले पळाला. जोडी वाऱ्यासारखी गेली, अन् सारे लोक तिच्याकडं पाठ करून पुढाऱ्याले पाहून राहिले होते.

म्या टाइम विचारला.

घड्याळवाला म्हणे, "नाही घेतला गड्या. पाहुण्यायले पाहाचं आहे, पुन्हा पळव."

म्या माईकवरच सांगितलं, "बैल हायेत ते, पुढारी नाहीत. तेच तेच दोनदा नाही करत."