पिप्यातला मोगरा

शेषराव : बाकीचे पिपे तं उचलले मी. हाच उचलून काहून नाही राहिला, बिल्कीस?

बिल्कीस : तुमी नका हात लावू, भाऊ. पाडवा आला, मक्ता संपला. मीच नेतो समदे घरी.

शेषराव : दरसाल तेच. पाडव्याले मोगरा घरी नेते, अन् वावर पुन्हा तुलेच दिलं का वापस आणते. आठ वर्षं झाले तुले अन् तुह्या नवऱ्याले, इनायतुल्लाले, वावर देऊन. जमिनीत लावला असता तं कमरेएवढा झाला असता. तेलाच्या पिप्यात काय वाढन तो?

बिल्कीस : जमीन तुमची हाय. झेंडू लावतो, तो हंगामात निघून जाते. मोगरा भराले तीन वर्षं घेते, मंग कुठी धा वर्षं फुलते. मले तं एकाच सालाचं मालूम असते.

शेषराव : मी कधी म्हटलं, वावर सोड?

बिल्कीस : कधीच नाही. बहिणीसारखं वागवलं तुमी. पण पाडवा जवळ आला का मले झोप लागत नाही.

शेषराव : मंग बोलायचं होतं.

बिल्कीस : काय बोलू? लेहून मागतलं असतं तं तुमच्या पोराले, योगेशले वाटलं असतं, ही वावर गिळाले पायते.

शेषराव : त्याले कायले, मलेच वाटलं असतं. गावात तेच बोलतात, कागद दिला का वावर गेलं. म्हणून मीबी गप्प होतो.

(शेषराव वाकून पिप्याखाली बोटं घालतात.)

शेषराव : अवो, याचं बूड गंजलं. मूळ खाली जमिनीत गेलं.

बिल्कीस : खुदाकसम, मले मालूम नव्हतं. मी नाही लावला तो. सरका, विळ्यानं कापतो.

शेषराव : विळा ठेव खाली.

बिल्कीस : उद्या कोनी म्हणन, बिल्कीसनं झाड लावून हक्क सांगतला.

शेषराव : झाडाच्या मुळाले भेऊन राहिली तू. इतके वर्षं अशी भेत राबली, अन् मी वावराच्या धुऱ्यावर बसून तुह्या हातचा चहा पेत होतो. लाज वाटते मले.

बिल्कीस : असं नका बोलू, भाऊ.

शेषराव : भातकुलीले जाऊ, रजिष्ट्री ऑफिसात. बारा वर्षांचा मक्ता लेहून देतो. योगेशची सही पयले घेतो, मंग माही. माह्या मागं तुले कोनी उठवाले नाही पायजे.

बिल्कीस : तुमाले भेव नाही वाटत?

शेषराव : वाटते ना. आजवर तू एकटीच भेत होती. आता अर्धं मी घेतो. आण कुदळ, आजच लावू समदे.

बिल्कीस : लावतो, भाऊ. पण कागद झाल्यावर.

शेषराव : बरं. तोवर या झाडायले पाणी मी घालतो.