मध्यरात्रीचा नमस्कार

श्यामला : खरं सांगायचं तर फायद्यात मीच होते. मुंजीनंतर वर्षभरात संध्या सोडलेला मुलगा, अचानक दिवसातून चारदा सूर्यापुढे हात जोडायला लागला. गल्लीभर पेढे वाटले मी. तुझ्या सासऱ्यांनी तर घाटावर प्रत्येक यजमानाला सांगितलं, तनय मार्गाला लागला म्हणून.

संपदा : ती संध्या नव्हती, आई.

श्यामला : ते मला वर्षानं कळलं. हा रात्री बाराला कुठला सूर्य शोधतो, म्हणून विचारलं. म्हणाला, थेलेमा. मला वाटलं, गोळीचं नाव असेल. निघाला कुठलासा विलायती पंथ, सूर्याला चार नमस्कार, त्यातला एक मध्यरात्री. पण वाटलेले पेढे काय परत मागायचे?

संपदा : आणि तुम्हीच मला सांगितलंत, त्याचा नेम चुकू देऊ नकोस.

श्यामला : सांगितलं. गजरानं तो लहानपणीही उठला नाही. पण ही बॅग कसली भरतेस?

संपदा : येवल्याला जातेय. साडेचारची एसटी आहे.

श्यामला : अगं, हॉस्पिटलातून येऊन महिना नाही झाला. तनय, बाहेर ये जरा. तुझी बायको माहेरी निघाली.

तनय : काय झालं?

संपदा : तुझी वही वाचली मी.

तनय : साधनेची वही खासगी असते, संपदा.

संपदा : माहीत आहे. तीन वर्षं टेबलावर उघडी असायची, हात लावला नाही कधी. काल मला एकच तारीख बघायची होती.

तनय : कुठली?

श्यामला : विचारतोस काय? बाळ गेलं ती.

संपदा : तू लिहिलंयस, 'संपदा हॉस्पिटलात. गर्भ राहिला नाही. मन स्थिर. चारही नमस्कार वेळेवर.'

श्यामला : कांद्याचा भावसुद्धा लोक याहून हळहळून लिहितात.

तनय : म्हणजे मला प्रेम नाही असं नाही. आमच्या मार्गात प्रेमाहून मोठं काही नाहीच. पण नुसती ओढ म्हणजे प्रेम नव्हे. प्रत्येकाच्या आत एक खरी इच्छा असते. तिच्या हुकमात राहून जे जुळतं ते प्रेम. बाकी सगळी सवय. मी रडलो असतो तर तुला काय मिळालं असतं?

संपदा : सोबत. बरं, तुझ्या भाषेत विचारते. तुझ्या त्या खऱ्या इच्छेत मी आहे?

तनय : ती अजून सापडलेली नाही मला.

श्यामला : तीन वर्षं झाली. ह्यांचा चष्मासुद्धा इतका वेळ हरवत नाही.

संपदा : हसवू नका, आई. तनय, खोटं बोल. आज मला खोटंही चालेल.

तनय : तसं नाही करता येणार.

संपदा : वाटलंच होतं. मग त्याच तारखेची शेवटची ओळ वाच. मोठ्यानं.

तनय : 'मध्यरात्री झोप आपोआप मोडली. इच्छा पक्की होत चालली आहे.'

संपदा : आपोआप?

तनय : तू तिथे होतीस. बायकांच्या वॉर्डात मला थांबू दिलं नाही, आईच होती तुझ्याजवळ. घरी उठवायला कोण होतं मला?

संपदा : फोन वाजला होता. दुसऱ्यांदा केला तेव्हा उचललास. मी म्हटलं, बाराला पाच कमी आहेत, ऊठ. तू 'हं' म्हणालास आणि ठेवलास.

तनय : मला... काहीच आठवत नाही.

श्यामला : तो फोन होय? हाताला सलाइन लावलेलं आणि ही उशीखाली मोबाइल चाचपत होती. मला वाटलं, रडायचं असेल नवऱ्याजवळ. म्हणून मी उठून जिन्यात गेले.

संपदा : रडायलाच लावला होता. तू उचलेपर्यंत घड्याळ दिसलं.

तनय : थांब, संपदा. ही ओळ खोडतो मी.

संपदा : नको खोडूस. त्या वहीत रात्रीचे हजारावर नमस्कार आहेत. एकालाही तू आपला आपण उठला नाहीस. राहू देत, तुझ्याच नावावर.

तनय : तुझा तर यावर विश्वासही नव्हता. मग रोज का उठवलंस?

संपदा : मला उठवायचं असायचं. ते काही शोधत बसावं लागलं नाही.

श्यामला : डबा भरून देते. वाटेत खा तरी.

संपदा : नको, आई. येते.

(दार लागतं.)

तनय : आई, मला आता रात्री कोण उठवणार?

श्यामला : पेढ्यांचं कौतुक मला मिळालं, मान तुझ्या बाबांना, आणि वही तुझी भरली. झोप तेवढी तिची मोडत होती. आता तिला झोपू दे.